गुंजाळबाईंची माशी

रस्त्याकडेला तांबडा कोंबडा दिसला की गुंजाळबाई जीप थांबवायला लावत. संगमनेरजवळच्या एका दूध संघात आम्ही दोघी जनावरांच्या डॉक्टर; त्या निवृत्तीला टेकलेल्या, मी नुकती लागलेली. एकदा अडलेली म्हैस सोडवायला गेलो, तर शेतकरी दारात ताटकळत उभा आणि बाई आधी त्याच्या कोंबड्याच्या मानेवरची पिसं निरखायला लागल्या. तो कळवळून म्हणाला, "बाई, कोंबड्याला काय बी झालं न्हाई. म्हस अडलीय माझी!"

"ऐकलंय मी. म्हैस सोडवते, पण जाताना याची चार पिसं घेणार," बाई म्हणाल्या. म्हैस सुटली, रेडकू जगलं, आणि परतीच्या वाटेवर पिसांची पुडी माझ्या मांडीवर आली.

ही पिसं बारीक गळावर रेशमी दोऱ्यानं गुंडाळून बाई माश्या करत. हुबेहूब पाण्यावर बसणारी माशी. तरुणपणी प्रशिक्षणासाठी त्या हिमाचलात होत्या, तेव्हा तिथल्या थंड नदीत अशी माशी फेकून ट्राऊट मासा पकडायला शिकल्या होत्या. गांडूळ लावून काठावर बसणाऱ्यांची त्यांना कीव येई. "त्याला मासेमारी नाही म्हणत अश्विनी, त्याला एसटीची वाट बघणं म्हणतात."

पण जन्मभर गाईम्हशींच्या पोटात हात घालून वासरं ओढल्यामुळे त्यांचा उजवा खांदा कामातून गेला होता. हात वर जातच नसे. मग त्यांनी माझा हात धरला. मला मासे खायलासुद्धा आवडत नाहीत, हे मी चारदा सांगितलं. "खायचे कुणी सांगितलेत? सोडून द्यायचे," एवढंच उत्तर मिळालं.

झालं. रोज संध्याकाळी दवाखान्यामागच्या मोकळ्या जागेत माझी शिकवणी. कोपर अंगाला चिकटून राहावं म्हणून काखेत वर्तमानपत्राची घडी. हातात लांब लवचिक काठी, पुढे जाड दोरी. दोरी मागे न्यायची, ती हवेत सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मग पुढे सोडायची. मी थांबले की बाई म्हणत, "झोपलीस का?" लगेच सोडली की म्हणत, "गाडी चुकतेय का?" दूध घालायला आलेली माणसं सायकली लावून बघत बसत. एक आजोबा मला रोज विचारायचे, "पोरी, काय घावलं का?"

कोजागरीनंतर त्यांनी मला भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, रतनवाडीपलीकडे नेलं. ओढ्याकाठी तंबू ठोकला. "बाई, इथे ट्राऊट कुठून येणार?" मी शेवटचा प्रयत्न केला.

"ट्राऊट नसेल, खडस आहे. वाहत्या पाण्यातला मासा सगळीकडे तापटच असतो."

पहिला सबंध दिवस माझी माशी जांभळीत, करवंदीत, माझ्या स्वेटरात आणि एकदा बाईंच्या अंबाड्यात अडकली. त्यांची बडबड मात्र कशातच अडकली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या डोहात मासा उसळला. मी दोरी फेकली, ती धपकन पडली आणि मासा गायब झाला. "अगं, दगड मारतेस का त्याला? आण इकडे!" म्हणत बाईंनी काठी हिसकावून घेतली.

त्यांनी पाय रोवले, हात उचलला. तो खांद्यापाशी येऊन थांबला. त्यांनी दात आवळून पुन्हा जोर केला. दोरी त्यांच्याच पायाशी भेंडोळं होऊन पडली.  काठी तशीच धरून त्या पाण्याकडे बघत राहिल्या.

मी खाली बसून गुंता सोडवला, काठी त्यांच्या हातातून घेतली आणि पाण्याच्या कडेला गेले. दोरी मागे गेली, सरळ झाली, पुढे सुटली. माशी पाचोळ्यासारखी पाण्यावर टेकली. पाणी फुटलं आणि काठी वाकली.

"धर! नको, सोड! अगं धर!" बाई ओरडत, काठावरची जाळी उचलून चपलांसकट कमरेएवढ्या पाण्यात शिरल्या. डाव्या हातातल्या जाळीत त्यांनी मासा अलगद घेतला. वीतभर खडस, उन्हात पितळेसारखा चमकणारा. मी मोबाईल काढेपर्यंत त्यांनी गळ सोडवून तो पाण्यात सोडलादेखील.

"बाई! एक फोटो तरी!"

"त्याचा जीव गुदमरतोय, तुला फोटो सुचतोय!" असं म्हणाल्या, पण नंतर ओल्या साडीनं दगडावर बसून कितीतरी वेळ एकट्याच हसत होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात बाई वारल्या. झोपेतच. आदल्या दिवशी दुपारी फोन करून मला एका गाईच्या औषधावरून झापलं होतं.

यंदा कोजागरीनंतर मी एकटीच त्या ओढ्यावर गेले. दुसऱ्याच फेकीला खडस लागला, चांगला हातभर. धर म्हणायला कुणी नव्हतं, सोड म्हणायला कुणी नव्हतं. मी हवे तेवढे फोटो काढू शकले असते. गळ सोडवताच तो हातांतून निसटून खोल पाण्यात गेला आणि मला बाईंचा असा काही संताप आला की मी त्या रानात मोठ्यानं बोलले, "एवढा जीव खाऊन शिकवायचं आणि बघायला यायचं नाही, ही कुठली रीत, बाई?"