माळ्यावरची खोली

नवरा गेल्यावर वर्ष भरायच्या आत दिराने सांगून टाकलं की आमची खोली त्याच्या मुलाच्या दुकानाला लागेल. मी तेव्हा शहाद्याला शिवणाच्या दुकानात काजं-बटणं करायचे. मुलगी नववीत. कपड्यांच्या दोन पिशव्या आणि शिलाई मशीन टेम्पोत टाकून आम्ही दोघी दादाच्या गावी आलो. त्याच्याकडे मागे स्वयंपाकघर आणि पुढे एकच खोली. दादा, वहिनी, त्यांची दोन मुलं, त्यात आम्ही. कूस बदलायची तरी शेजारच्याला उठवावं लागे.

"वर माळा शे ना," दादा म्हणाला, "तठे तुले खोली काढी देतो."

पूर्वी त्या माळ्यावर कापूस भरत. आता कापूस शेतातूनच गाडीत जातो, म्हणून माळा रिकामा पडला होता. त्यावर कौलांचं छप्पर, मधे उंच आणि दोन्ही कडांना इतकं ठेंगणं की बसूनच सरकावं लागायचं. गावातला मिस्त्री वर जाऊन आला. म्हणाला, भिंती थोड्या चढवू, छप्पर उचलून त्यावर बसवू, मग माणूस उभा राहील. त्या दिवशी मी खालून माळ्याच्या फळ्यांकडे बघत मशीन कुठे ठेवायचं ते ठरवत बसले. वहिनीला कोणी विचारलंही नव्हतं.

पुढच्या बाजूची कौलं उतरवून अंगणात रचली. मग मिस्त्रीने आढ्यावर हातोडा मारला. आढं म्हणजे छपराच्या माथ्यावरचं लांब लाकूड, सगळे वासे त्याच्याच आधाराने उभे असतात. आवाज भद्द आला. त्याने पटाशी लावली तर ती मुठीपर्यंत आत गेली. वरून काळंभोर, धड दिसणारं लाकूड आतून वाळवीने पोकळ केलं होतं.

"आढं खलास शे भाऊ," तो वरूनच म्हणाला. "उचलाले गऊत ते मोडी जाई."

"मंग?"

"मंग सगळं उतरावनं पडी. नवं टाकनं पडी."

दादा कौलांच्या ढिगाशी उभा राहिला. अर्धं घर उघडं पडलेलं, आणि ते पुन्हा झाकायचं तरी त्याच कुजक्या लाकडावर. मी जवळ गेले. "राहू दे दादा, मी शहाद्याला खोली बघते." कुठली खोली बघणार होते, देव जाणे. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. शिडी धरून वर चढला.

दुसऱ्या दिवशी दादा आणि मिस्त्रीने वर आढ्याला टेकू लावून वासे काढायला सुरुवात केली. मी आणि वहिनी खालून वासे हातात घेत होतो. मधेच वर कडाड असा आवाज झाला आणि धुळीने काही दिसेना. मिस्त्री ओरडत शिडीवरून उतरला. दादाचा आवाज नव्हता.

वहिनी माझ्या आधी वर गेली. आढं एका टोकाने निखळून माळ्यावर आडवं पडलं होतं आणि दादाची मांडी त्याच्याखाली होती. डोळे उघडे, तोंडातून शब्द नाही. मिस्त्री शेजारच्या ट्रॅक्टरचा जॅक आणायला धावला. आम्ही दोघींनी आढ्याखाली खांदे लावले. ते उचललं जाण्यासारखं नव्हतंच, आणखी खाली बसू नये एवढंच आम्ही बघत होतो. पायाखालच्या फळ्या करकरत होत्या. त्या मोडल्या असत्या तर आम्ही तिघंही खाली गेलो असतो, आणि खाली माझी मुलगी वर बघत "आई, आई" करत होती. तिला बाहेर जा म्हणून सांगायलाही मला दम उरला नव्हता.

जॅक आला. लाकूड जरासं वर उठलं आणि मिस्त्रीने दादाला काखेत धरून ओढलं. तेव्हा तो पहिल्यांदा ओरडला.

शहाद्याच्या दवाखान्यात मांडीत रॉड टाकला. बाहेरच्या बाकावर वहिनी आणि मी बसलो होतो. तिचा खांदा सोललेला, माझाही. मी म्हटलं, "वहिनी, मन्हामुळे झालं हे."

"हां," ती म्हणाली. "तुन्हामुळेच."

मी उठले. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं, पण तिथे बसवेना. तिने माझा पदर धरला.

"आते तू निंघी गई ते मी एकली काय करू? तेस्ले उठाडाले-बसाडाले दोन जनी लागतीन. बठ."

मी बसले. तिने पदर बराच वेळ सोडला नाही.

दादा घरी आला तोवर गावातल्या माणसांनी माळ्याच्या फळ्या काढून, भिंती होत्या तेवढ्याच ठेवून, लोखंडी पाईपांवर पत्रे टाकून दिले होते. खोली झाली नाही. अजूनही आम्ही सहा जण त्या एकाच खोलीत झोपतो. दादा काठी घेऊन चालतो, शेतीचं वहिनी बघते, मी सकाळच्या एसटीने शहाद्याला दुकानात जाते. दवाखान्यातून आणल्यावर पहिल्या दिवशी त्याला खाटेवर निजवलं तेव्हा त्याने वर पत्र्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. दोन दिवस तो जेवला नाही. तिसऱ्या दिवशी वहिनीने एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने काखेत हात घालून त्याला उठवून बसवलं आणि माझ्या मुलीने त्याच्यापुढे ताट ठेवलं.