आप्पांची छर्ऱ्याची बंदूक

तो तपास मी विसरलेलो नाही, आणि आठवला की अजूनही वैताग येतो. नोकरीत मी दरोडे पाहिले, खून पाहिले. पण स्वतःहून अडकायला निघालेला माणूस तेवढा एकच पाहिला.

तेव्हा मी सोलापूर शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत गिरणी कामगारांची एक जुनी वसाहत होती आणि तिच्या आजूबाजूला नवे बंगले उठले होते. एका सकाळी वसाहतीतली एक बाई गच्चीवर कडक भाकऱ्या वाळत घालत असताना तिच्या डोळ्याखाली काहीतरी येऊन घुसलं. घरच्यांनी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. मी पोहोचलो तेव्हा ती एक्स-रेसाठी थांबली होती आणि तिच्या नवऱ्याचा धीर सुटला होता.

"गलोलीचा दगड असंल साहेब," तो म्हणाला. "दुसरं काय असणार? पर डोळा गेला तर हिनं भाकऱ्या कशा करायच्या? घर तिच्यावरच चालतंय की."

डॉक्टर म्हणाले, एक्स-रे झाल्याशिवाय आत काय आहे ते सांगता येणार नाही.

मी दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा होतो, तेवढ्यात माझा फोन वाजला. वसाहतीला लागून बंगला असलेले एक हार्डवेअरचे व्यापारी बोलत होते. आमच्या शांतता समितीचे सदस्य, प्रतिष्ठित गृहस्थ.

"साहेब, माझं नाव कुठे येऊ देऊ नका. पण तो छर्रा आप्पांच्या बंदुकीचा आहे. सगळ्या गल्लीला माहीत आहे."

आप्पा म्हणजे बंद पडलेल्या गिरणीतले निवृत्त फिटर. खरं नाव सांगत नाही. त्या भागात दर चौथ्या घरात एक आप्पा असतो. पुढे शस्त्रक्रियेत खरोखरच छर्रा निघाला, आणि गल्लीत ज्याला विचारावं तो आप्पांच्या घराकडे बोट दाखवू लागला. रोज चहाच्या टपरीवर आप्पा सांगत असत की आपण जुनी स्प्रिंगची बंदूक दुरुस्त केली आहे आणि ती समोरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत मारते.

मी आप्पांना बंदुकीसह ठाण्यात बोलावलं. बायकोला घेऊन आले. त्या बाहेरच्या बाकावर पदर सावरून बसल्या. आप्पांनी बंदूक जुन्या लुगड्यात गुंडाळून आणली होती.

"ही तुमची?"

"व्हय. मामानं दिल्याली. गंजून पडली होती, मी उभी केली की."

"काल सकाळी उडवलीत?"

"न्हाय."

"मग दुसऱ्या कुणी उडवली?"

"माझ्या बंदुकीला कोण हात लावतंय? कुलपात असती."

"तुमच्या घरापासून त्या गच्चीपर्यंत छर्रा पोहोचतो का?"

इथे कुठलाही शहाणा माणूस नाही म्हणाला असता. आप्पा ताठ झाले. "पोचतोय की! न पोचायला काय झालं?"

जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारांनी लेखणी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी पुन्हा समजावलं. "आप्पा, त्या बाईचा डोळा जायची वेळ आलीय. विचार करून बोला."

"त्या पोरीचं लई वाईट झालं," ते म्हणाले. त्यांचे डोळे खरोखर भरले होते. "पर मी मारली न्हाय."

आणि मग न विचारता त्यांनी दुरुस्तीची कहाणी सुरू केली. गंज रॉकेलने कसा सोडवला, दस्त्याला जवसाचं तेल कसं पाजलं, नळीतून तारेला चिंधी बांधून कशी फिरवली. चामड्याचा वायसर तेलात भिजवून मऊ कसा केला. नळी बिजागरीतून खाली मोडली की आतली स्प्रिंग दबते, चाप ओढला की ती सुटते आणि दट्ट्या हवा पुढे ढकलतो, हे त्यांनी टेबलावरच्या पेपरवेटने करून दाखवलं. मी विचारत होतो, घटनेच्या वेळी तुम्ही कुठे होता. ते सांगत होते, स्प्रिंग कुठून मिळवली.

"आप्पा, घरात तुमच्यासोबत कोण होतं?"

"मंडळी होती. पर स्प्रिंग दाबून बसवायला दोन माणसं लागत्यात साहेब, मी एकट्यानं बसवली."

दिवसभर हेच. दरम्यान बाईच्या नवऱ्याच्या भावकीने आप्पांच्या दारावर दगड मारले. एका पुढाऱ्याचा फोन आला, अटक का होत नाही म्हणून. दुसऱ्याचा आला, म्हाताऱ्याला त्रास का देता म्हणून. आप्पांनी एकदा तोंड उघडून "माहीत नाही साहेब" म्हटलं असतं, तरी मला श्वास घ्यायला जागा मिळाली असती.

दुसऱ्या दिवशी मी मुख्यालयातल्या शस्त्रागाराचे हवालदार बोलावले. पंचांसमक्ष ठाण्याच्या मागच्या आवारात चाचणी घ्यायची ठरली. हे कळल्यावर आप्पा पहिल्यांदा घाबरले.

"आत्ता नको साहेब. तेल ताजं हाय. बसू द्या जरा."

"तेल बसायला किती वेळ लागतो?"

"आठ-पंधरा दिवस तरी."

मी चाचणी थांबवली नाही. हवालदारांनी नळी मोडली, छर्रा घातला, पुठ्ठ्यावर नेम धरला आणि चाप ओढला. फुस्स असा आवाज झाला. छर्रा नळीतून निघाला आणि पुठ्ठ्यापर्यंत पोहोचण्याआधीच मातीत पडला. पुन्हा मारून पाहिलं. तेच झालं.

हवालदारांनी बंदूक खोलली. आतली स्प्रिंग कुठल्यातरी यंत्रमागाची होती, पार ढिली. वायसर तर उलटा बसवलेला, त्यामुळे सगळी हवा मागेच गळत होती.

"साहेब, ह्यानं वर्तमानपत्र बी फाटायचं न्हाय," ते म्हणाले.

पंच हसले. आप्पा हसले नाहीत. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे धरले होते. मी त्यांना बाजूला नेलं.

"हे तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी हात पुढे केले. बोटं थरथरत होती.

"गिरणीत अख्खं मशीन खोलून जोडायचो साहेब. आता येक वायसर सरळ बसंना. टपरीवर सांगून बसलो होतो, झाली म्हणून. आता कुणाला सांगू?"

"आणि त्यापायी जेलात जाणार होतात?"

"जेलातनं माणूस परत येतंय की," ते म्हणाले.

मला त्यांचा इतका राग आला होता की मी तसाच केबिनमध्ये आलो आणि सगळं पहिल्यापासून मनात मांडलं. आप्पांची बंदूक नाही, तर मग छर्रा हा शब्द माझ्या कानावर प्रथम कुणी घातला? तो फोन आला तेव्हा एक्स-रे झाला नव्हता. नवरा गलोल म्हणत होता. डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं.

मी व्यापाऱ्यांना बोलावलं. ते हसत आले, चहा घेतला.

"छर्रा लागला हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"दवाखान्यातून कळलं साहेब."

"दवाखान्यालाच तेव्हा कळलं नव्हतं."

ते रुमाल शोधू लागले. आधी म्हणाले, अंदाज केला. मग म्हणाले, आम्ही प्रतिष्ठित माणसं, असं विचारणं शोभत नाही. मग एका पुढाऱ्याचं नाव घेतलं. मी त्यांच्या बंगल्याची झडती घेतली. गच्चीवरच्या खोलीत सिमेंटच्या गोण्यांमागे नवी एअर रायफल सापडली. शेजारच्या डबीतले छर्रे बाईच्या जखमेतून निघालेल्या छर्ऱ्यासारखेच टोकदार होते. आप्पांचे छर्रे चपट्या तोंडाचे होते.

"कबुतरं साहेब," ते खाली बसत म्हणाले. "सोलरच्या पॅनलवर घाण करतात. एक नेम चुकला. मी मुद्दाम नाही केलं."

मुद्दाम केलं नव्हतं हे मलाही मान्य होतं. पण बाई किंचाळली तेव्हा हा माणूस मदतीला खाली उतरला नव्हता. त्याने फोन उचलून एका म्हाताऱ्याचं नाव सांगितलं होतं. हे मात्र मुद्दामच केलं होतं. दोषारोपपत्र दाखल झालं आणि पुढे न्यायालयात शिक्षाही झाली. बाईचा डोळा वाचला, नजर थोडी अधू राहिली.

झडती झाली त्या संध्याकाळी आप्पांना घरी सोडताना मी त्यांच्या बायकोला विचारलं, "ती बंदूक चालत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय की. त्येनी मारली की छर्रा अंगणात पडतोय. मीच झाडते."

"अहो, मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?" माझा आवाज चढलाच. "दोन शब्दांत सुटले असते ते!"

त्यांनी फाटकाशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"त्यांच्यादेखत कसं सांगू साहेब? मला ठावं हाय, हे त्यांना ठावं न्हाय."

मी कपाळाला हात लावला. ठाण्यात आम्ही गृहीत धरतो की गुन्हेगार लपवतो आणि निर्दोष माणूस सगळं सांगून मोकळा होतो. त्या प्रकरणानंतर मी ते गृहीत धरणं सोडलं. निर्दोष माणूसही लपवतो. त्याला शिक्षेपेक्षा दुसऱ्याच कशाची तरी भीती असते, आणि ती कशाची हे त्याला विचारून कळत नाही. म्हणून नंतर नव्या अधिकाऱ्यांना मी सांगत आलो, संशयित स्वतःच्याच विरोधात बोलू लागला तर तपास संपला असं समजू नका. त्याच्या घरची माणसं बाहेर बाकावर बसलेली असतात. त्यांना आत बोलवा, पण एकेकट्याला.