आधी दुसऱ्याचं

कौसल्याबाई गेल्याचं मला आखाडा बाळापूरच्या बाजारात कळलं, वांगी निवडताना. सांगणारा त्यांचाच जुना विद्यार्थी. "गुरुजी, बाई गेल्या. आठ दिस झाले." मी वांगी परत ढिगात ठेवली...

डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरच्या दोनशिक्षकी शाळेत आम्ही सहा वर्षं एकत्र होतो. मी मुख्याध्यापक, म्हणजे शिपाई नसलेल्या शाळेचा शिपाई. लहान वर्ग बाईंकडे. आदर्श शिक्षकाच्या पुरस्कारासाठी आपली स्तुती आपणच लिहून पाठवायची असते. बाईंना ते जमलं नाही. त्यांची रीत एकच. दोन लेकरं भांडली की समोरासमोर बसवायची. प्रत्येकानं दुसऱ्याची बाजू सांगायची आणि ज्याची आहे त्यानं "बराबर" म्हटल्याशिवाय उठायचं नाही.

"बाई, ह्यानं माझी पाटी घेतली."

"तुझं मागून. आधी त्याचं सांग."

पोरीनं त्याच्या दप्तरात डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "त्याची पाटी फुटली... घरी सांगितलं तर मार बसंल."

"बराबर," पोरगं नाक पुसत म्हणालं. पाटीवर मधोमध रेघ ओढून दोघं लिहायला बसली.

एकदा साहेब तपासणीला आले. नारळ, हार, स्वागतगीत, सगळं तयार. नेमकी तेव्हाच दोन लेकरांची खडूवरून जुंपली आणि बाईंनी गीत थांबवून निवाडा सुरू केला. साहेब हारासाठी मान वाकवून उभे. नंतर त्यांनी मला विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "बाईंना वर्ग आवरत नाही, साहेब." ते शेऱ्यात गेलं. उन्हाळ्यात बाईंची बदली पार पुसेगावकडं झाली. घरी सासू अंथरुणाला खिळलेली, लेक लहान.

निघताना त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुमचं मी सांगते. माझं तुमी सांगा."

"मी काय पहिलीत हाय का, बाई?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. पुढं एवढी वर्षं गेली, पण मी पुसेगावची एसटी कधी धरली नाही.

परवा धरली. बाई पुढं तिथंच राहायला गेल्या होत्या; लेक आता तिथंच अंगणवाडी सेविका आहे. चहा देऊन म्हणाली, "आई तुमचं सांगायची. गुरुजींना आधीच एक नोटीस आलती, घरी बाप आजारी. भ्याले साहेबाला. मनानं वाईट न्हाईत." आणि थांबून माझ्याकडं बघत राहिली.

"बराबर," मी म्हणालो.

मग मी बाईंचं सांगू लागलो. सासू, बदली, दोन बस बदलून रोजचं जाणं, मी बोललेलं ते एक वाक्य... लेकीनं सगळं ऐकून घेतलं. "बराबर?" मी विचारलं.

"मला काय माहीत, गुरुजी," ती म्हणाली. "ते तिनंच म्हणायला पाहिजे."