हप्ता भावाचा, घर बहिणीचं

"टॅक्स कटायलाय तं कटू द्या, वकीलसाब," असं म्हणून ते रुमालानं मान पुसायचे आणि खुर्चीत अंग टाकायचे. परभणीतल्या माझ्या ऑफिसात जुलैमध्ये रिटर्न भरायला येणारा जो तो टॅक्सच्या नावानं बोटं मोडतो. तुम्हीही मोडत असाल. हे मात्र नुसते दमून बसायचे.

कॉलेजात हेडक्लार्क होते. धाकट्या बहिणीचा नवरा अचानक गेला आणि कर्ज थकल्यानं बँक तिचं घर लिलावात काढायला निघाली. तेव्हापासून हप्ता हेच भरत आले. दरवर्षी मला विचारायचे, "ह्याची काही सूट बसती का बघा की."

दरवर्षी मी तेच सांगायचो. भावानं दिलेल्या पैशावर बहिणीला टॅक्स नाही. पण घर तुमच्या नावावर नाही, कर्जही नाही, मग तुम्हाला सूट कुठली? त्यांच्या घरी मुलीचं लग्न तोंडावर आलेलं, पायातल्या चपला दोनदा शिवलेल्या. एकदा मी वैतागलोच.

"अहो, घरात न् कर्जात तुमचं नाव घाला की! बहीण तयार आहे म्हणता, मग अडलंय कुठं?"

त्यांनी रुमाल मांडीवर ठेवला. "पाथरीच्या शेतातला हिस्सा तिनं सोडला तवा सही कराया आमीच नेलं होतं तिला. बहिणी सोडत्यातच, आपल्याकडं रिवाज हाय. आमी एक साडी घेतली. लय खूश होऊन गेली बिचारी. आता तिच्या घरात परत माझा हिस्सा घालू? न्हाई जमायचं मला. कटू द्या."

मी चहा सांगितला.

यंदा जुलै सरत आला तरी ते आले नाहीत. त्यांची बहीण आली. "दादा गेला उन्हाळ्यात. कर्ज फिटलं आन् मग गेला. वहिनीनं पाठवलंय, त्याचं शेवटचं रिटर्न भरायचंय."

काम झाल्यावर कागद द्यायला मीच तिच्या घरी गेलो. दारावर नवी कोरी पाटी होती, आणि पाटीवर फक्त तिच्या दादाचं नाव.

"कागदावर घालू देलं न्हाई त्यानं," ती पदरानं पाटी पुसत म्हणाली, "म्हणून दारावर घातलं. ह्याच्यावर तर काही कटत न्हाई ना, वकीलसाब?"