पाहुण्यांच्या गाडीला फवारा

माझ्या नातवाचं घर बघायला आलेल्या पाहुण्यांच्या गाडीत मी डिझेल समजून दशपर्णी अर्क ओतला. तोपर्यंत पाहुणे खुश होते.

दशपर्णी म्हणजे कडुनिंब, करंज, रुई, निरगुडी असा दहा झाडांचा पाला गोमूत्रात महिनाभर सडवायचा, वरून लसूण-मिरची कुटून टाकायची, गाळायचं आणि कपाशीवर फवारायचं. माझा मुलगा रमेश कुठल्याशा शिबिरातून हे शिकून आला. तेव्हापासून पारोळ्याकडच्या आमच्या खेड्यात आमचं घर कोणी विचारत नाही, नाकानंच सापडतं. (असं लोक म्हणतात. माझं नाक तपकिरीनं कधीच निकामी केलंय.) गाळलेला अर्क रमेश डिझेलच्या रिकाम्या कॅनमध्ये भरतो आणि गोठ्यात ट्रॅक्टरच्या डिझेलच्या कॅनला चिकटूनच ठेवतो. आता सांगा, चूक एकट्या माझीच का?

माझा नातू योगेश शेती करतो. त्यामुळे त्याला मुलगी मिळत नव्हती. मुलगा शेतकरी म्हटलं की लोक फोन ठेवून देतात, आणि ठेवणारेही शेतकरीच! स्वतःच्या अंगावरचा सदरा कपाशीच्या पैशाचा, पण जावई पाहिजे पुण्याचा, एसीत बसणारा. म्हणून साक्रीकडचे आप्पा "घर बघायला येतो" म्हणाले तेव्हा आम्ही घर बघण्यासारखं केलं. शेजारच्या यमुनेचा सोफा आणला. धोंडूभाऊंची दुभती म्हैस आमच्या गोठ्यात बांधली. दोन तासांचाच तर प्रश्न होता! पाहुणे चहा-पोहे खातील, सोफ्यावर बसतील, म्हैस बघतील आणि जातील.

आप्पा, त्यांची बायको आणि मुलीचे मामा असे तिघं आले. मुलगी, कविता, घरीच होती. मामांना जगातलं सगळं समजत होतं. त्यांनी भिंतीला हात लावून सिमेंटची जात सांगितली. म्हशीकडे बघून म्हणाले, "घरात रुळलेली दिसते." आम्ही माना डोलावल्या. मी तर म्हशीला तिच्या लहानपणीच्या नावानं हाकही मारली. (तिथल्या तिथे ठेवलं मी ते नाव.)

सगळं ठरल्यासारखं झालं होतं. निघताना मामा म्हणाले, "डिझेल कमी आहे. पारोळ्यात टाकून घेऊ."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण आमच्याकडे डिझेल कॅनच्या कॅन पडलेलं असतं हे पाहुण्यांना कळायला नको?

"आमच्या दारातून पाहुणा रिकाम्या टाकीनं जाणार? पंप कशाला पाहिजे!" मी म्हणाले.

"अहो अक्का, राहू द्या..." आप्पा म्हणाले.

"तुम्ही बसा!"

रमेश आणि योगेश आत आहेराचा नारळ शोधत होते. मी नरसाळं लावलं आणि हातात आला तो कॅन निम्मा रिकामा केला.

गाडी ऐटीत निघाली. गावाच्या फाट्यापर्यंत गेली, खोकली, दोन आचके दिले आणि बसली. अर्ध्या गावानं ती ढकलत परत आमच्या दारात आणली. मामा आत बसून चावी फिरवतच होते.

"हवा धरली असेल," ते म्हणाले. "मी बरोबर काढतो."

मग खाली उतरून त्यांनी टाकीला नाक लावलं आणि पटकन मागे घेतलं.

"आजी, काय टाकलं तुम्ही?"

"डिझेल."

"डिझेलला लसणाचा वास येतो?"

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "डिझेल नही शे हाई! फवारा शे फवारा!"

रमेश गोठ्याकडे पळाला आणि पांढरा पडून आला. "माय, तू अर्क ओतलास!"

"मग त्या कॅनवर डिझेल कशाला लिहिलंय?"

"ते जुनं आहे!"

"मी चौथी शिकलेली बाई. लिहिलंय तेच वाचणार. तुझ्या मनातलं कसं वाचू?"

मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, "चावी काढून घ्या. टाकी पूर्ण खाली करावी लागेल. संध्याकाळपर्यंत येतो. आणि चावी फिरवतोय त्याला गाडीपासून लांब बसवा." मामांना सोफ्यावर बसवलं.

संध्याकाळपर्यंत! आमची तयारी दोन तासांची होती.

पाच वाजता यमुना दोन माणसं घेऊन दारात. मी डोळ्यांनी खुणावलं, भुवया उडवल्या, खोकले. ती म्हणाली, "अक्का, मन्हा जावाई उनात. सोफा लई जास." जावई आले म्हणून सोफा न्यायलाच आली होती ती. मग आप्पांच्या बायकोला म्हणाली, "ताई, जरा उठता का?"

त्या उठल्या. मामाही उठले. सोफा गेला. सोफ्याखाली सांडलेले पोहे तेवढे आमचे राहिले.

"दुरुस्तीला दिलाय," मी म्हणाले.

तेवढ्यात गोठ्यातून म्हैस ओरडायला लागली. तिची धार काढायची वेळ झाली होती आणि तिला तिचं घर माहीत होतं. तिनं दावं तोडलं, अंगणातून पाहुण्यांच्या मधून चालत गेली आणि समोर धोंडूभाऊंच्या दारात जाऊन उभी राहिली. म्हैस घरी आलेली बघून धोंडूभाऊ आतून ओरडले, "उनी का मन्ही माय!"

मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "ही पण दुरुस्तीला का?"

आप्पा खाटेवर बसले होते (खाट आमचीच होती). रमेश जमिनीकडे बघत होता. लग्न मोडलं हे कोणी सांगायची गरज नव्हती.

आप्पांचा फोन वाजला. कविता होती. उशीर का झाला म्हणून विचारत होती. आप्पांनी सगळं सांगितलं. अर्क, सोफा, म्हैस, काही सोडलं नाही. फोनमधून पोरगी इतकी हसली की सगळ्यांना ऐकू गेलं.

"आणि मुलगा कुठंय?" तिनं विचारलं.

आप्पांनी फोनचा स्पीकर लावला आणि वाकून बघितलं. योगेश दुपारपासून गाडीखाली पडला होता. मेकॅनिकची वाट न बघता त्यानं टाकी सोडवून खाली केली होती. डोक्यापासून पायापर्यंत अर्कानं भिजला होता.

"गाडीखाली आहे," आप्पा म्हणाले. "वास फार येतोय त्याचा."

"तो सोफा आणायला गेला होता का?"

योगेश खालूनच ओरडला, "मी नको म्हटलं होतं! आजीनं ऐकलं नाही!"

(नातवानं आजीला विकलं ते असं. सगळ्या गावासमोर!)

कविता म्हणाली, "पप्पा, मला चालेल."

मामांनी नवरामुलगा शेतकरी असल्याची आठवण करून दिली. "आपणही तेच आहोत ना, मामा," ती म्हणाली. मामा पुन्हा गाडीकडे निघाले. योगेशनं चावी खिशात घातली.

मेकॅनिक आला, त्यानं फिल्टर बदलला, टाकी धुतली, गाडी सुरू झाली. निघताना आप्पा माझ्यासमोर उभे राहिले. "अक्का, आमची एकच अट आहे."

मी पदर खोचला. मनात म्हटलं, आता सोनं मागणार. मागू देत, मीही बोलून घेते!

"लग्नाला येणाऱ्या कुठल्याही गाडीजवळ तुम्ही जायचं नाही."

मी शब्द दिला आणि पाळलाही. सगळं वऱ्हाड गाड्यांतून साक्रीला गेलं. मी एसटीनं गेले. पण योगेश माझाच नातू. त्यानं स्टँडवर कंडक्टरला आधीच सांगून ठेवलं होतं. तिकीट फाडायच्या आधी कंडक्टरनं माझ्या पिशवीतली पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं, दोनदा हुंगली आणि उतरेपर्यंत स्वतःजवळ ठेवली!