सासरेबुवांची जीभ

गांडुळांची जात सोडली, तर पृथ्वीचा जेवढा अंश माझ्या सासऱ्यांच्या तोंडात गेला तेवढा दुसऱ्या कोणाच्याही गेला नसेल. मातीच्या बाबतीत त्यांचा डोळ्यांवर विश्वास नव्हता, हातांवर तर नव्हताच. सगळा कारभार जिभेचा. नवी माती दिसली की ते उकिडवे बसत, चिमूटभर उचलून जिभेच्या शेंड्यावर ठेवत, डोळे मिटत आणि मग शेजाऱ्याच्या पायांची फारशी पर्वा न करता थुंकत. 'ग्वाड', 'मचूळ' आणि 'खारी' असे तीनच निकाल ते देत आणि त्यांवर अपील नसे. माझं लग्नसुद्धा याच जिभेने ठरवलं. मी तेव्हा अलिबागेस मराठी शाळेत मास्तर होतो. मुलगा पाहायला म्हणून हे गृहस्थ आमच्याकडे आले, त्या दिवशी मी धुतलेला कोट आणि नवी टोपी घालून, चेहऱ्यावर शक्य तेवढी विद्वत्ता आणून ओटीवर बसलो होतो. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, तेही बहुधा चुकून. मग अंगणात उतरले, तुळशीपासून चार हातांवर बसले आणि तिथली माती चाखून तिथूनच ओरडले, "ग्वाड हाय! पोरगी दिली!" आईचा चेहरा उतरला. वडील मात्र तिला म्हणाले, "पोहे बाजूला ठेवून माती खाणारा माणूस आहे. व्याही म्हणून खाण्यापिण्यावरून रुसणार नाही." वडिलांचा हा होरा पुढे साफ चुकला, पण तोवर अक्षता पडून गेल्या होत्या.

त्यांचं गाव श्रीवर्धन तालुक्यात, खाडीच्या काठी, बोर्ली पंचतनच्या बाजारापासून दोन कोसांवर. खाडी आणि शेतं यांच्यामध्ये मातीचा लांबलचक बांध होता. बांधाच्या अलीकडे भात, पलीकडे समुद्राचं पाणी आणि मधे बांधावर सासरे. बांधात एका ठिकाणी लाकडी झडप होती, तिला उघाडी म्हणत. ओहोटीला ती उघडून शेतातलं पाणी खाडीत सोडायचं आणि भरतीला खाडीचं पाणी आत येऊ द्यायचं नाही, एवढ्या एका गोष्टीवर त्या गावाचं जेवण अवलंबून होतं. सासरे रोज बांधाची फेरी करीत आणि खेकड्यांची बिळं चिखलाने बुजवीत. खेकडे बांध पोखरतात हे खरंच आहे, पण सासऱ्यांना ते जाणूनबुजून पोखरतात असं वाटे. एकेका खेकड्याशी त्यांचं वर्षानुवर्षांचं वैर असे. "ह्यो थोटा पुन्ना आला," असं ते एखाद्या नांगी तुटलेल्या खेकड्याबद्दल म्हणत, तेव्हा गावातल्याच कोणा उनाड माणसाबद्दल बोलतायत असं मला पहिल्यांदा वाटलं होतं.

बोर्लीच्या बाजारात कुंभार त्यांना लांबून येताना पाहून मडकी मागे सारीत, कारण मडकं विकत घेण्याआधी ते काठाला जीभ लावत आणि बरेचदा न घेताच पुढे जात. घरी पाहुणा आला, की ते त्याच्या वहाणांकडे अशा नजरेने पाहत, की पाहुणा पाय पोटाशी घेऊन बसे. मी तऱ्हेतऱ्हेने त्यांची चेष्टा करी. जंतू, जुलाब, शाळेच्या पुस्तकातलं आरोग्य, सगळं सांगून पाहिलं. ते शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "तुमी पुस्तक वाचता, आमी जिमीन वाचतो. पान उलटायला थुकी दोघान्लाबी लागतेच की."

ही खोड त्यांना कुठून लागली, याचीही एक हकिकत होती आणि ती ते जेवायला बसलेल्या प्रत्येक माणसाला सांगत. तरुणपणी दोन मोसम ते गावातल्या एका मुसलमान नाखव्याच्या गलबतावर खलाशी होते. गलबत मस्कतेला आणि एडनला जाई. तिथे बंदराबाहेर उतरल्यावर यांनी पाहिलं, तर नजर जाईल तिथपर्यंत मोकळी जमीन. ना कुंपण, ना खोत. आनंदाच्या भरात हे खाली बसले आणि मूठभर तोंडात टाकली. ती सगळी रेती. एक अरब हे बघत होता. हा माणूस उपासमारीने वाळू खातोय असं वाटून त्या बिचाऱ्याने यांच्या ओंजळीत खजूर ओतला. "खजूर ग्वाड व्हता," सासरे सांगत, "पन जिमिनीत काय न्हाय. तिकडं जिमीन मोप, कोन मालक ते बी कोन इचारीत न्हाय, पन चूळभर वलावा न्हाय. आनि हितं वलावा मोप, तर हातभर तुकड्यासाठी खोताच्या ओटीफुडं हात जोडून उभं ऱ्हा." परत आल्यावर ते खोताच्या ओटीपुढे हात जोडून उभे राहिले आणि बांधाला लागून असलेला, सगळ्यांत खोलगट, कोणालाही नको असलेला दीड एकराचा तुकडा त्यांनी कसायला मागून घेतला. त्यात राता नावाचं तांबडं भात होई. खाऱ्या जमिनीत तग धरणारं ते भात सासऱ्यांना जगातल्या कुठल्याही पक्वान्नाहून प्रिय होतं.

माझ्या पहिल्या दिवाळसणाची गोष्ट इथे सांगायला हवी, कारण पुढे ती माझ्या अंगाशी आली. सासूबाईंनी जावई आला या गडबडीत माशाच्या कालवणात दोनदा मीठ घातलं. पहिल्या घासालाच माझ्या डोळ्यांना पाणी आलं. पण नवा जावई मी. "फारच छान झालंय" म्हणून वर आणखी वाढून घेतलं. सासऱ्यांनी एक थेंब जिभेला लावला, ताट बाजूला सरकवलं, रुसून बसले आणि माझं जेवण संपेपर्यंत माझ्याकडे टक लावून पाहत राहिले. मग सासूबाईंना म्हणाले, "जावय खोटं बोलतो. पन पोटभर बोलतो." हे वाक्य त्यांनी पुढे सगळ्या गावाला ऐकवलं.

आणि मग एका वर्षी आश्विनातल्या उधाणाला भरदिवसा बांध फुटला. थोट्याच्याच बिळातून फुटला, असं सासरे शेवटपर्यंत म्हणत. लोक टोपल्या घेऊन धावत येईपर्यंत भगदाड बुजावं म्हणून ते स्वतः त्यात पाठ लावून बसले. समुद्राने त्यांना अलगद उचललं आणि त्यांच्याच शेताच्या मध्यावर नेऊन ठेवलं. गावाने दगडमाती घालून बांध पुन्हा उभा केला, वरच्या अंगाची शेतं एक-दोन पावसांत धुऊन निघाली. पण सासऱ्यांचा तुकडा खोलगट, तिथे खारं पाणी दिवसचे दिवस साचून राहिलं. उन्हाळ्यात ती जमीन पांढरी पडली. गवतसुद्धा उगवेना.

खोत तसा वाईट माणूस नव्हता, त्याला फक्त शेताकडे बांधावरून बघायची सवय होती. त्याने सासऱ्यांना बोलावून सांगितलं, "मिठागर घालायला एक जण ही जागा मागतोय. तुझं जुनं कूळ म्हणून तीन पावसाळे थांबतो. तिसऱ्या दिवाळीला तिथे भात उभं दिसलं तर जमीन तुझ्याकडे. नाही तर त्याला दिली." सासऱ्यांपाशी दुसरी जमीन नव्हती. आणि रात्याचं स्वतःचं बियाणं उरलं होतं ते एका पेरणीपुरतं. खारी असताना पेरलं तर बियाणं कुजणार, न पेरावं तर जमीन जाणार. पेरायचं कधी, हे त्या जिभेने सांगायचं होतं.

दोन पावसाळे सासऱ्यांनी त्या शेताला तान्ह्या पोरासारखी आंघोळ घातली. पावसाचं पाणी बांधून ठेवायचं, त्यात दिवसभर पाय आपटत फिरायचं, मीठ पाण्यात उतरलं की ओहोटीला उघाडीतून सोडायचं आणि वाहतं पाणी चाखायचं. "खारी," असा निकाल देऊन ते पुन्हा पाय आपटायला लागत. दुसऱ्या वर्षी श्रावणात एकदा त्यांनी "मचूळ" म्हटलं, तेव्हा सासूबाईंनी गोडाचा शिरा केला. तिसऱ्या वर्षी मृग लागायच्या तोंडावर त्यांना हिवतापाने धरलं. दवाखान्यातून कोयनेलचं कडू औषध आणलं. तापाची हुडहुडी गेली, पण तिच्याबरोबर जिभेची चवही गेली. गूळ, चिंच, मिरची, माती, सगळं एकच कडू. घरात ही गोष्ट कोणी कोणाजवळ बोलेना.

आषाढात मला एक कार्ड आलं. अक्षर तिथल्या पोस्टमनचं होतं, मजकूर एका ओळीचा: "पत्र पावताच निघून यावे, सोबत जीभ आणावी." मुलीला आणा असं त्यात नव्हतं. त्याचं कारण मी गेल्यावर कळलं: मुलगी बापाची बाजू घेऊन गोड म्हणणार, सासूबाईंच्या मिठाचा अनुभव होताच, आणि गावातल्या बाकीच्या जिभा तंबाखूने मेलेल्या. राहिलो मी. पावसामुळे आगबोटी बंद होत्या. तीन दिवसांची रजा काढून बैलगाडी, खाडीवरची होडी आणि पाय असं करीत मी पोचलो, तेव्हा सासरे डोक्यावर इरलं घेऊन बांधावर माझी वाटच पाहत होते. तापाने अर्धे झाले होते. हातात सागाच्या पानावर चिखलाचे दोन गोळे. शेजारी टोपलीत मोड आलेलं बियाणं. मोड आले म्हणजे आजउद्यात पेरायलाच हवं, एवढं मलाही ठाऊक होतं.

"दोनी शेतातलीच हायत," ते म्हणाले. "चाखा."

मी पुस्तकातल्या सगळ्या आरोग्याचं स्मरण केलं आणि पहिल्या गोळ्याला जीभ लावली. पावसात भिजलेल्या भिंतीची चव. दुसरा तोंडात घातला मात्र, मला ठसकाच लागला. "मामा, हा शेतातला नाही! हा समुद्र आहे नुसता!"

सासरे इतके हसले की त्यांना खोकला आला. "बांधाच्या भायेरचा हाय तो. कालवन आटवतंय ना? म्हनून खरं बोलता का ते बघून घेतलं. आता चला."

शेताच्या वरच्या टोकाला मी बसलो आणि चाखलं. "गोड." मधे चाखलं. "गोडच." त्यांची चाल जरा ताठ झाली. मग आम्ही उघाडीजवळच्या खालच्या भागात उतरलो. मी चिमूट उचलली. ते माझ्या तोंडाकडे असे पाहत होते, की मला ते कालवण पुन्हा वाढलं असतं तर मी पातेलंभर प्यायलो असतो. चव खारट होती. फार नव्हे, पण होती. मी दुसरी चिमूट घेतली, तिसरी घेतली, चार पावलं सरकून चौथी घेतली. माझ्या आयुष्यात एवढं जड उत्तर मी कुठल्या परीक्षेत दिलं नाही.

"मामा, इथे खारट आहे."

"लई?"

"थोडी. पण आहे."

ते चिखलात तसेच उभे राहिले. इरल्यावर पाऊस वाजत होता. "आनखी एक पावसाळा गावला आस्ता," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "बियाणाला तर मोड आलेत. आता काय करायचं?" त्यावर त्यांनी बांधावरच्या टोपलीकडे बोट दाखवलं. "निम्मंच भिजवलं हाय. निम्मं घरात कोरडं हाय. पाय बुडवून दोन वर्सं काडली, मला काय कळत न्हाय व्हय? पन माज्या तोंडानं बोलवना." आणि टोपली उचलून, वरच्या अंगाला जाऊन त्यांनी पहिली मूठ फेकली.

दिवाळीला खोत बांधावर आला. वर तांबडं भात उभं होतं, खाली पाणथळ चिखल. त्याने बोट फिरवून शेताचे दोन भाग केले. भाताचा सासऱ्यांकडे राहिला, खालचा मिठागराला गेला. गाव म्हणालं, निम्मं वाचलं. मला मात्र ते पुष्कळ दिवस लागून राहिलं. त्या दिवशी मी "गोड" म्हटलं असतं, तर ते कदाचित हट्टाने कोरडंही भिजवून फेकते आणि कदाचित दैवाने चार रोपं तगतीही. आता तिथे मिठाच्या कोंड्या, म्हणजे खारं पाणी आटवायचे वाफे, आहेत. एका पावसाळ्याने ती जमीन खरंच गोड झाली असती का, हे कळायला वाव नाही.

सासऱ्यांची चव परत आली नाही. त्यानंतरही ते सहा-सात वर्षं होते. जेवताना स्वतः उठून कागदाची एक पुडी आणत. त्यात खालच्या तुकड्यातलं मीठ असे. मिठागराच्या पहाऱ्यावरचा माणूस तेवढ्यापुरतं तोंड फिरवी. "वरलं भात, खालचं मीठ," ते म्हणत. "पुरं शेत ताटात हाय." तांबड्या भातावर ते मीठ भुरभुरत, घास घेत आणि मग माझ्या ताटात चिमूटभर घालून विचारत, "सांगा जावयबापू, कसं हाय?"

ते मीठ कडवट होतं. भरड आणि कडवट. मी म्हणे, "फारच छान आहे, मामा."

ते माझ्याकडे पाहत. मग हसून म्हणत, "पोटभर बोलता," आणि पुढचा घास घेत.

सासूबाई अजून दर दिवाळीला रात्याची पिशवी पाठवतात. मीठ आम्ही बाजारातलंच वापरतो. भात पानात पडल्यावर मी पहिला घास घेतो आणि सवयीने थांबतो. समोरून कोणी काही विचारत नाही, तेव्हा मग जेवायला लागतो.