हुप्प्याला पकडून नेलं तेव्हा

रामदासपेठेच्या दवाखान्यातून निर्मलाताईंच्या मुलीचा फोन आला, "काका, आई गेली." त्याला आता महिना होऊन गेला. मी नुसतं "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. मग स्वतःचाच राग आला. ताईंशी माझं एक बोलणं राहिलं होतं, दोन वर्षांपासून...

ताई हुडकेश्वरच्या आमच्या कॉलनीत माझ्या शेजारी. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. रोज सकाळी चहा घेऊन गच्चीवर बसायच्या आणि मागच्या चिंचेवरची वानरांची टोळी बघायच्या. मी कॉलनीचा सेक्रेटरी, तक्रारी माझ्याकडे यायच्या. टाकीचं झाकण उघडलं, वाळत घातलेल्या कुरड्या पळवल्या. टोळीतला तो दांडगा नर, हुप्प्या, माझ्या डोळ्यांत सलायचा. त्याला उचललं की बाकीची आपोआप जातील, असं मी धरून चाललो होतो.

ताईंनी समजावलं. फाटक्या कानाची एक म्हातारी वानरी दाखवून म्हणाल्या, "भाऊ, तो नुसता दिसते मोठा. नर येतात अन् जातात. पाणी कुठं, चारा कुठं, हे तिले माहीत. त्याले नेलं तर दुसरा येईन, अन् तो पहिले जुन्याची पिल्लं मारते." मी हसलो. म्हटलं, "ताई, तुम्हाले सगळीकडे बायांचंच राज्य दिसते." त्या गावाला गेल्या तेव्हा मी ओळखीचा माणूस बोलावला आणि हुप्प्याला पिंजऱ्यात घालून दूर सोडायला लावलं.

ताई परतल्या त्याच आठवड्यात नवा नर आला. सकाळी आरडाओरडा ऐकून मी त्यांच्या गच्चीवर धावलो. नर टाकीवर बसला होता. खाली कोपऱ्यात एक तरणी वानरी, पोटाशी काळं पिलू, आणि दोघांच्या मधे ती फाटक्या कानाची. तिला स्वतःला पिल्लं होणं कधीच थांबलेलं. तिच्या बाजूला आणखी दोन म्हाताऱ्या येऊन बसल्या. नर झेप घ्यायचा, तिघी दात विचकून अंगावर जायच्या. मी वीट उचलली. ताईंनी माझं मनगट धरलं. "ठेवा खाली. त्या पांगल्या तं संपलं." मी वीट ठेवली. पुन्हा झेप, पुन्हा त्या तिघी... म्हातारीच्या दंडातून रक्त आलं तरी ती हटली नाही. शेवटी नर भिंतीवरून उतरून गेला.

चौथ्या दिवशी पिलू दिसलं नाही. त्याची आई कठड्यावर एकटीच बसली होती. ताई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर फार बरं झालं असतं. मीच त्यांच्याकडे जाणं टाळू लागलो. "माझं चुकलं" एवढंच म्हणायचं होतं, आणि दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हाही ते मी म्हटलं नाही. याची मला लाज वाटते.

वानरांसाठी पाण्याचं घमेलं भरायला म्हणून ताईंच्या मुलीने गच्चीची किल्ली माझ्याकडे दिली आहे. रोज सकाळी जातो. टोळी तिथेच असते. ताई आल्या की ती म्हातारी जागची हलायची नाही, त्यांच्याकडे पाठ करून दुसऱ्या वानरीकडून उवा काढून घेत बसायची. मी दार उघडलं की ती उठते, आणि पिल्लांच्या आणि माझ्या मधे येऊन बसते.